धुळीबाईचं माहेर

अंगण मी झाडीते, झाडीते गं ओसरी;
धुळीबाई, तुझं माहेर कोणत्या गं डोंगरी?

हा आवाज जयसिंहरावांनी ऐकला त्याला आता एक आयुष्य लोटलं. आईचा आवाज. पहाटे डोळे मिटलेलेच असत, बाहेर आधी केरसुणीची सपसप सुरू होई आणि मग त्या सपसपीच्या तालावर ही ओवी. 'तुझं माहेर' म्हणून झालं की मधे एक खोकला येई. रोज येई, त्याच जागी येई. तो ओसरला की मग 'कोणत्या गं डोंगरी'. लहानग्या जयसिंहाला वाटे, ओवीच तशी आहे. शाळेत एकदा बाईंनी घरचं एखादं गाणं म्हणायला सांगितलं, तर त्यानं हीच ओवी म्हणून दाखवली, खोकल्यासकट, अगदी जागच्या जागी. वर्ग हसला. बाईंनी त्याला पाणी प्यायला पाठवलं.

आई पुढे त्याच खोकल्यात गेली. कशानं गेली हे कोणी विचारलं नाही. चुलीपुढची बाई खोकत खोकतच जायची, असं तेव्हा घराघरात धरून चाललेलं असे. जाताना तिनं सुनेच्या हवाली तीन गोष्टी केल्या: देव, केरसुणी आणि ही ओवी. उषाताईंनी तिन्ही सांभाळल्या. देव रोज धुतले, केरसुण्या झिजवल्या आणि ओवी आपल्या बारीक, गोड गळ्यात अशी उतरवून घेतली की जयसिंहरावांना पहाटे क्षणभर कळत नसे, आपण नातवंडांचे आजोबा आहोत की अंथरुणात लोळणारं पोर.

पण या वर्षीच्या पावसाळ्यानंतर ओवी अर्ध्यावर थांबायला लागली. 'धुळीबाई, तुझं माहेर', आणि पुढे शांतता. मग स्वयंपाकघरात मिक्सर सुरू व्हायचा.

"कोणत्या गं डोंगरी," जयसिंहराव वर्तमानपत्रामागून आठवण करून द्यायचे. बायको म्हातारी होत चालली, विसरते, आपली स्मरणशक्ती मात्र शाबूत आहे, याचं एक छोटंसं, न दुखवणारं समाधान त्या सांगण्यात असे.

धुळीबाईचं माहेर कुठे हा प्रश्न ग्वाल्हेरात कोणाला पडायला नको. तिचं माहेरही इथेच, सासरही इथेच, आणि ती बाळंतपणालासुद्धा गाव सोडून जात नाही. उन्हाळ्यात आंधी येते तेव्हा किल्ल्याचा अख्खा डोंगर दिसेनासा होतो आणि त्यातला थोडा थोडा प्रत्येकाच्या ताटात येऊन बसतो. त्यात हजीऱ्याच्या अलीकडच्या त्यांच्या गल्लीत नळाच्या पाइपासाठी उन्हाळ्यात चर खणला होता. पाइप आला नाही, चर राहिला. पावसात त्याची नदी झाली, पाऊस संपल्यावर तिची पिवळी पूड झाली, आणि प्रत्येक मोटारसायकलीबरोबर ती पूड घरात येऊन सोफ्यावर बसू लागली, आमंत्रणाची वाट न पाहणाऱ्या सोयऱ्यासारखी.

जयसिंहरावांच्या मनाला लागलेली गोष्ट वेगळीच होती. त्यांनी स्वतः उभी नोकरी नळखात्यात काढली होती. त्यांनी जुन्या कार्यालयात फोन केला. तिकडून एक तरुण आवाज अतिशय नम्रपणे म्हणाला, "मामला प्रक्रिया में है, कृपया धैर्य रखें।" जयसिंहरावांनी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. हे वाक्य त्यांचं होतं. त्यांनीच ते घडवलं होतं, त्यांनीच नव्या पोरांना शिकवलं होतं, कोणाला राग येऊ नये आणि कोणाला पाणीही मिळू नये अशा बेतानं. आपण वाढवलेल्या वाक्यानं आपल्यालाच दारातून परत पाठवावं, याहून मोठी मानहानी निवृत्त माणसाच्या वाट्याला क्वचित येते.

तर असा सगळा धुळीचा सुकाळ असताना उषाताईंचा खोकला सुरू झाला. मुरार भागातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, "इन्हें धूल से बचाइए।" ग्वाल्हेरात बाईमाणसाला धुळीपासून वाचवा म्हणणं म्हणजे नवऱ्या मुलाला वरातीपासून वाचवा म्हणण्यासारखं. पण डॉक्टरांनी बोलायचं असतं, आणि जयसिंहरावांनी करायचं असतं.

त्या संध्याकाळी पुण्याहून लेकीचा, गरिमाचा, फोन आला.

"बाबा, एक हातात धरायचा छोटा व्हॅक्यूम क्लीनर घेऊन टाका. मी आजच ऑनलाइन ऑर्डर करते. परसों घरी येईल."

"फोटो बघून?"

"सगळे तसंच घेतात."

"आपल्या घराण्यात घोडा घेताना तीन-तीन दिवस त्याच्या मागेपुढे फिरायचे. भोवरे बघायचे, खूर बघायचे, चार माणसांना विचारायचे. मी फोटो बघून घेऊ?"

"बाबा, तो घोडा नाहीये." मग तिचा आवाज बदलला. "हे बघा, सरळ सांगते. दिवाळीपर्यंत आईचा खोकला गेला नाही तर मी येऊन तिला इकडे घेऊन जाणार. तुम्हाला यायचं तर या, नाहीतर राहा तिथे किल्ला बघत. पण आईला मी त्या धुळीत नाही ठेवणार. बिल्कुल नाही."

जयसिंहरावांना पुण्याला जाणं शक्य नव्हतं. एकदा पंधरवडाभर राहून आले होते, तर भाजीवाल्यानं त्यांचं मराठी ऐकून पहिल्या वाक्यानंतर हिंदीत उत्तर दिलं होतं. शिलेदाराच्या वंशजाला एवढं पुरे होतं. आणि उषाताईंशिवाय ग्वाल्हेरात राहणंही शक्य नव्हतं, कारण घरात चहाची भुकटी कोणत्या डब्यात असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. हे दुसरं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्याच्याही खाली एक तिसरं कारण होतं, ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. म्हणजे आता सगळं येऊन ठेपलं होतं त्या यंत्रावर. यंत्र चांगलं निघालं, धूळ गेली, तर खोकला जाणार. खोकला गेला तर बायको राहणार.

फोन ठेवला तेव्हा उषाताई दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून.

"काय म्हणाली?"

"दिवाळीपर्यंत मुदत आहे," जयसिंहराव म्हणाले. "पण तू काळजी करू नको. मी यात लक्ष घालतो."

उषाताईंनी मान हलवली आणि आत जाऊन मिक्सर लावला.

जयसिंहरावांनी लक्ष घातलं, म्हणजे शेजारच्या गुरुप्रसादांनीही घातलं. गुरुप्रसाद बँकेतून निवृत्त झालेले. जगात अशी वस्तू नाही जिच्याबद्दल त्यांनी वाचलेलं नाही; घेतलेली मात्र एकही नाही.

"राव, खेच महत्त्वाची," ते ओट्यावर बसत म्हणाले. "ती पास्कलमधे मोजतात. जितके पास्कल तितकी खेच. पण नुसती खेचून काय फायदा? आत गाळणी चांगली हवी. नाहीतर पुढून घेईल आणि मागून सोडेल, आपल्या सरकारसारखं."

"आणि वजन?"

"वजन एका मध्यम दुधी भोपळ्याएवढं असावं, असं माझं मत आहे."

"उषाताईंच्या हाताला झेपेल असंच बघा बाई," गुरुप्रसादांच्या पत्नी विजयाबाई म्हणाल्या. त्या अलीकडे बऱ्याचदा इकडेच असायच्या. "आणि घाई करू नका. चांगली वस्तू हिंडल्याशिवाय मिळत नाही. मी तर म्हणते, रोज थोडं थोडं हिंडावं."

जयसिंहरावांना त्यांचा पोक्तपणा आवडला.

महाराज बाड्याच्या बाजारातल्या एका दुकानात सौरव नावाचा विक्रेता होता. त्यानं काउंटरवर मूठभर रवा सांडला, यंत्राचं बटण दाबलं आणि रवा नाहीसा केला. "देखिए अंकल।"

'अंकल' हा शब्द जयसिंहरावांनी गिळला. "हमारे घर में रवा नहीं गिरता," ते म्हणाले. "धूल गिरती है। धूल पर दिखाइए।"

"अंकल, दुकान में धूल कहाँ।"

जयसिंहरावांनी बोटानं सगळ्यात वरचं कपाट दाखवलं. सौरव स्टुलावर चढला. तिथे कित्येक दिवाळ्यांची धूळ निघाली, एक मेलेली पाल निघाली, आणि हरवलेली म्हणून पोलिसांत कळवलेली दुकानाची रबरी मोहर निघाली. मालक गल्ल्यावरून उठून आले. त्यांना कधीकाळी जयसिंहरावांमुळे नळाचं कनेक्शन मिळालं होतं, ती ओळख दोघांनाही त्याच क्षणी पटली. "घर ले जाइए साहब," मालक हात जोडून म्हणाले. "भाभीजी को दिखाइए। पसंद न आए तो वापस।" त्यांना जयसिंहराव दुकानातून लवकर जायला हवे होते.

घरी आल्यावर जयसिंहरावांनी यंत्र चालवून दाखवलं. उषाताईंनी ते लांबूनच पाहिलं.

"आवाज फार करतं," त्या म्हणाल्या.

"इतका?"

"कानाला बरा नाही लागत. याच्याहून हलक्या आवाजाचं मिळेल बाड्यावर. नीट हिंडून बघा. घाई नाही."

जयसिंहराव दुसऱ्या दिवशी ते परत करून दुसरं घेऊन आले. ते उषाताईंना जड वाटलं, मनगट भरून येतं म्हणाल्या. तिसऱ्याचं पोट पारदर्शक होतं, आत जमलेला केर बाहेरून दिसायचा. "आल्यागेल्याला आपली घाण काय दाखवायची," उषाताई म्हणाल्या, आणि यात तथ्य होतं. चौथ्याचं तोंड रुंद होतं, सोफ्याच्या फटीत जाईना. जयसिंहराव मनातल्या मनात थक्क होत होते. इतकी वर्षं संसार केला, पण या बाईला इतकी बारीक पारख आहे हे कधी कळलं नव्हतं. साड्यासुद्धा ती समोर येईल ती घ्यायची. आपल्या घराण्याची घोडेपरीक्षा हिच्यात उतरली असली पाहिजे, असं त्यांनी गुरुप्रसादांना सांगितलं. गुरुप्रसाद म्हणाले, सहवासानं होतं.

बाड्यावरच्या दुकानदारांत आता त्यांची कीर्ती पसरली होती. ते दिसले की कोणी पाणी प्यायला आत जाई, कोणी मोबाईल कानाला लावी. एकदा तर सौरवनं त्यांना पाहून दिवे मालवले आणि ते निघून जाईपर्यंत अंधारात उभा राहिला. त्यांनी काचेला नाक लावलं तेव्हा दोघांची नजरानजर झाली. रस्त्यावर येऊन रिक्षात बसेपर्यंत त्यांनी ताठ चालण्याची पराकाष्ठा केली.

घरी परतल्यावर दोन गोष्टी नेहमी दिसत. भर उकाड्यात खिडक्या बंद असत, आणि विजयाबाई उषाताईंशेजारी पाण्याचा तांब्या घेऊन बसलेल्या असत. "धूळ येते ना," खिडक्यांबद्दल उषाताई म्हणत. तेही बरोबरच होतं.

आणि चटण्या. घरात चटण्यांना काही सुमार राहिला नव्हता. शेंगदाण्याची, कारळ्याची, कोथिंबिरीची, दोडक्याच्या सालांची, एकदा तर कलिंगडाच्या सालीची. जयसिंहराव घरात असले की दर थोड्या वेळानं मिक्सर घरघरू लागे. ताटात चार चार चटण्या आणि मधे एक ओशाळलेली भाजी. "यंत्राचा आवाज तुला सोसत नाही, आणि हा बरा सोसतो," एकदा ते म्हणाले.

"हा ओळखीचा आहे," उषाताई म्हणाल्या.

रोज संध्याकाळी ते गरिमाला फोनवर अहवाल देत. "आज दिवसभरात खोकला नाही. कालही नव्हता. यंत्र यायच्या आधीच धूळ घाबरली असं समज." तिकडे गरिमा हसायची, पण मुदत मागे घ्यायची नाही.

शेवटी विजयाबाईंनी एक दुकान सुचवलं. हजीऱ्याच्या बाजारात, शिव्याशाप न ऐकता जिथे पोचता येत नाही अशा गल्लीत, अरुंद तोंडाचं आणि दबक्या आवाजाचं यंत्र मिळतं असं त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. जयसिंहराव भर दुपारी निघाले. विचारत विचारत गल्लीत पोचले. तिथे शेतीच्या पंपांचं दुकान होतं, शेजारी लग्नाच्या पत्रिका छापणारा होता, त्याच्या पलीकडे एक भिंत होती, आणि भिंतीवर थुंकू नये असं लिहिलेलं होतं. पंपवाल्याला त्यांनी आपली गरज समजावून सांगितली. त्यानं ती शांतपणे ऐकून घेतली आणि एक पाच अश्वशक्तीचा पंप दाखवला. "खिंचाई में इससे ऊपर कुछ नहीं है बाबूजी।"

परत येताना एका टेम्पोनं त्यांच्या अंगावर त्या चराची सगळी पूड उडवली. दारात उभे राहिले तेव्हा ते भस्म फासलेल्या बैराग्यासारखे दिसत होते. आतून काही तरी आवाज येत होता, ओवीसारखा, पण फाटका. त्यांनी फाटकाची कडी वाजवली तसा तो थांबला. मिक्सर सुरू झाला.

"दुकान होतं हो, अगदी होतं," विजयाबाई पंख्याकडे पाहत म्हणाल्या. "बंद झालं असेल."

तेव्हा जयसिंहरावांनी निर्णय केला. दसरा जवळ आला होता. घोड्याची परीक्षा पुष्कळ झाली, आता स्वारी हवी. ते बाड्यावर गेले, थेट सौरवच्या दुकानात शिरले आणि बोट दाखवलं.

"अंकल," सौरव हळूच म्हणाला, "ये तो वही है। सबसे पहले वाला।"

"हाँ," जयसिंहराव म्हणाले. "लेकिन अब परखा हुआ है।"

नवमीला त्यांच्या घरी शस्त्रं पुजतात. पूर्वजांची एक तलवार आहे, तिनं कोणाला मारलं याची नोंद नाही, पण तिला लिंबू आणि राख लावून घासताना जयसिंहरावांचा अंगठा दरवर्षी कापतो, म्हणजे ती अजून कामात आहे. तिच्याशेजारी ज्या वस्तूनं घर चालतं ती प्रत्येक वस्तू मांडायची: त्यांचा नळखात्यातला पाना, उषाताईंची कात्री, विळी, केरसुणी. यंदा मधोमध यंत्र.

आणि पाटावर मांडण्याआधी सगळ्या वस्तू धुऊन घ्यायच्या, हा त्या घरचा रिवाज. पारोशी वस्तू देवापुढे ठेवत नाहीत. यंत्राला पाणी चालत नाही एवढं जयसिंहरावांना कळत होतं. म्हणून त्यांनी त्याचं पोट उघडलं, आतली धुण्याजोगी गाळणी काढली, ती गंगाजळाचे चार थेंब घातलेल्या पाण्यात स्वच्छ धुतली, आणि वाळवायला गच्चीवर ठेवली. वर ती वाळत राहिली. खाली त्यांनी पोट बंद केलं, यंत्राच्या कपाळावर, म्हणजे जिथे बटण होतं तिथेच, हळदकुंकवाची बोटं ओढली, झेंडूची माळ घातली, आणि गाळणीबद्दल पार विसरून गेले.

दुपारी गुरुप्रसाद आणि विजयाबाई आले. गुरुप्रसादांनी पांढराशुभ्र कुडता घातला होता. गरिमाला पूजा दिसावी म्हणून मोबाईल समईला टेकवून उभा केला होता.

"आई, तू बारीक झालीस," मोबाईलमधून गरिमा म्हणाली.

"उजेड तसा पडलाय," उषाताई म्हणाल्या.

आरती झाली. पाटावर कुंकू, हळद, अक्षता, अबीर, तलवारीला घासून उरलेली राख, सगळं सांडलं होतं. जयसिंहरावांचा ऊर भरून आला. पूर्वज अशा वेळी तलवार म्यानातून काढून दाखवत असतील. त्यांनी यंत्र उचललं.

"गरिमा, बघ," ते म्हणाले. "आता या घरात धूळ राहणार नाही."

आणि पाटावरून यंत्र फिरवलं.

खेच खरोखरच चांगली होती. कुंकू गेलं, हळद गेली, अबीर गेला, राख गेली. पुढून जे गेलं ते, वाटेत अडवणारं कोणी नसल्यानं, तितक्याच वेगानं मागून बाहेर आलं. मागे गुरुप्रसाद उभे होते. पहिल्या झटक्यात ते शेंदूर फासलेल्या मारुतीसारखे दिसू लागले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, त्यांना बहुतेक गाळणीबद्दलच सांगायचं होतं, पण तोंडात हळद गेली. मोबाईलमधे गरिमा खळखळून हसत होती. जयसिंहराव घाबरून बटण शोधत होते, पण बटणावर हळदकुंकू होतं आणि वर झेंडूची माळ. विजयाबाई हसल्या. गुरुप्रसादही, थुंकता थुंकता, हसले. खोलीत लाल ढग उभा राहिला आणि हळूहळू, अगदी सणाच्या थाटात, तिथे पसरला जिथे उषाताई उभ्या होत्या.

उषाताईंनी आधी पदर तोंडावर धरला. मग स्वयंपाकघराकडे पाहिलं, मिक्सरकडे. तिथवर पोचल्या नाहीत.

यंत्र बंद झालं तेव्हा खोलीत फक्त तो खोकला उरला होता. ओवीतल्यासारखा एका जागेपुरता नव्हता. तो खोल कुठून तरी, कोरड्या विहिरीत दोर घासत जावा तसा वर येत होता, आणि वर आला की पुन्हा खाली जात होता. उषाताई भिंतीला धरून खाली बसल्या. ओठ निळसर झाले. जयसिंहराव हातात यंत्र धरून उभे होते. ते खाली ठेवायचं असतं हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

"बाबा? आईला काय होतंय? बाबा, आई को..." मोबाईल आडवा पडला होता आणि गरिमा छताकडे पाहून ओरडत होती. विजयाबाईंनी तो उचलला. "मी बोलते तिच्याशी," त्या म्हणाल्या, आणि मग जयसिंहरावांना, "उषाताईंना बाहेर हवेत न्या. तो श्वासातून ओढायचा निळा पंप देवघराच्या फळीमागे आहे. दोनदा द्या."

जयसिंहरावांनी देवघराच्या फळीमागे हात घातला. पंप तिथे होता. चांगला वापरलेला होता. आपल्या घरातली वस्तू शेजारणीला ठाऊक आणि आपल्याला नाही, याचा अपमान वाटायला त्या वेळी त्यांना फुरसत नव्हती. तो नंतरही वाटला नाही.

मागच्या पायरीवर दोघं बसली. इथे चर नव्हता. समोर किल्ल्याचा डोंगर उन्हात पिवळा पडून होता. पंपानं थोडा आराम पडला. आत विजयाबाई हळू आवाजात बराच वेळ फोनवर बोलत होत्या, आणि गुरुप्रसाद न्हाणीघरात तोंड धूत होते.

"माझी चूक झाली," जयसिंहराव म्हणाले. "गाळणी वर राहिली. पण खरं सांगू, यंत्रातच खोट आहे. उद्या परत करतो. मुरारला एक नवं दुकान..."

"नका जाऊ."

"नाही, लगेच येतो. तू म्हणालीसच होतीस पहिल्या दिवशी, आवाज..."

"यंत्र चांगलं आहे," उषाताई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी चांगलं होतं."

त्यांच्या धोतरावर कुंकू सांडलं होतं, ते त्यांनी बोटानं झटकलं आणि ते आणखी पसरलं.

"नवरात्राच्या आधी मी विजयाबाईंबरोबर पुन्हा डॉक्टरांकडे गेले होते," त्या दोन दोन शब्दांनंतर श्वास घेत म्हणाल्या. "तुम्ही बाड्यावर होतात. त्यांनी आतलं चित्र काढून बघितलं. फुप्फुसं आखडत चाललीत म्हणाले. धुळीनं, धुरानं लागलं असेल कधीचं. पण आता धूळ काढून काही ती मोकळी व्हायची नाहीत. औषधानं थोडं हळू होईल. तेवढंच."

एक घार डोंगरावर फिरत होती. जयसिंहराव तिच्याकडे पाहत राहिले, ती एकदा किल्ल्यामागे जाऊन परत येईपर्यंत.

"मग ते जड होतं, ते?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज शाळेतल्या पोराचा झाला होता. "आणि तोंड रुंद? आणि पोट दिसतं ते?"

"तुम्ही घरात असलात की मिक्सर लावायला लागायचा."

"आणि हजीऱ्याचं दुकान?"

"ते विजयाबाईंनी रचलं. त्या दिवशी फार होत होतं."

जयसिंहरावांना एकेक फेरी आठवू लागली. दिवे मालवून उभा राहिलेला सौरव, बंद खिडक्या, पाण्याचा तांब्या. आपण फाटकाची कडी लावून निघालो की ती मागे काय करत असेल, हे त्यांना आता दिसत होतं आणि बघवत नव्हतं.

"मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही गरिमाला सांगितलं असतं. तुमच्या पोटात काही राहतं का. तिनं नेलं असतं मला. मग तुमचं कोण करणार." त्या थांबल्या. "आणि खरं म्हणजे तेही नाही."

"मग?"

उषाताईंनी पदरानं ओठ पुसले. पदरावर लाल उमटलं. कुंकूच होतं.

"शेवटचा चरण मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. "रोज तुम्ही तिकडून सांगायचात, आणि मी ऐकून घ्यायची. सासूबाईंचा खोकला तुम्ही शाळेत म्हणून दाखवला होतात, ते तुम्हीच मला, मी लग्न होऊन आले तेव्हा, सांगितलं होतं. हसत हसत सांगितलंत, आणि मग रात्रभर जागे होतात. म्हणून तुमच्या कानावर तो पुन्हा घालवेना. तुम्ही फाटकाबाहेर गेलात की मग मी ओवी पुरी म्हणायची. खोकल्यासकट."